मार्चपर्यंतचा आवाज

आमच्या घराच्या तळघरात एक खोली होती. तिची खिडकी बरोबर जमिनीला टेकलेली, त्यामुळे थंडीत तिच्यातून बर्फाशिवाय काही दिसायचं नाही. बाबा तिला बेसमेंट म्हणायचे, आई म्हणायची ‘खालची खोली’, आणि येईल त्या पाहुण्याला ‘खाली छान ऊब असते हो’ असं सांगून ती तिकडे धाडायची. पण इलिनॉयच्या त्या सपाट मुलखातल्या गावात मराठी घर म्हणजे आमचं एकच, पाहुणे येणार कुठून? वर्षाकाठी एखादा बाबांच्या कॉलेजचा शिकायला आलेला मुलगा सुट्टीत घरचं जेवायला यायचा, दोन दिवस राहायचा, पिठलं-भात खाऊन डोळे पुसायचा आणि जायचा. उरलेलं वर्ष खोली रिकामी. आईला ते सहन होत नसे. मिरजेच्या गजबजलेल्या घरातून आलेली बाई ती, तिला जेवताना टेबलाशी माणसं लागायची. एकदा तिने जाहीर केलं की आता ती खोली भाड्याने देणार. बाबा म्हणाले, “कोण येणार तुझ्या फोडणीच्या वासात राहायला?” मी म्हटलं, “वॉल्टला विचारू का?”

वॉल्ट म्हणजे आमच्या गावच्या आइस हॉकी टीमचा रेडिओवरचा आवाज. टीम व्यावसायिक होती, म्हणजे खेळाडूंना पगार मिळायचा. पण मोठ्या लीगच्या खालच्या लीगच्याही खालची. उन्हाळ्यात आमचा गोलकीपर घरं रंगवायचा. टीमचं नाव प्लाउमेन. बाबांनी त्याचं लगेच ‘नांगरवाले’ करून टाकलं, आणि “आज नांगरवाल्यांनी कुणाकडून मार खाल्ला?” हा आमच्या घरचा हिवाळाभरचा प्रश्न होता. मी तेव्हा गावातल्याच कॉलेजात शिकत होते आणि गावच्या छोट्या रेडिओ स्टेशनवर काम करत होते. सकाळी हवामान वाचायचं, बर्फ पडलं की कुठल्या शाळा बंद ते सांगायचं. वॉल्ट तिथेच. दिवसा तो टायरवाल्यांना आणि फर्निचरवाल्यांना रेडिओवरच्या जाहिराती विकत हिंडायचा, संध्याकाळी मॅच सांगायचा. छोट्या गावात हॉकी सांगणाऱ्याला असंच जगावं लागतं. टीम विकली गेली की नोकरी गेली, स्टेशनच्या मालकाचं डोकं फिरलं की नोकरी गेली, मग पेट्या गाडीत टाकायच्या आणि दुसरं गाव. साठीकडे झुकलेल्या वॉल्टने अशी किती गावं केली होती ते त्यालाही नीट सांगता यायचं नाही. बायको मधल्या कुठल्यातरी गावात मागे राहिली होती.

तर वॉल्ट आला, दोन सूटकेस आणि टेपांचं एक खोकं घेऊन. आईने पहिल्याच दिवशी त्याचं नाव ठेवलं वॉल्टरभावजी. मी म्हटलं, “आई, कमॉन, ही इज नॉट युवर भावजी.” ती म्हणाली, “मग काय नुसतं वॉल्टर म्हणू? घरातल्या माणसाला?” त्याला वाटलं ही काहीतरी मानाची पदवी असावी. स्टेशनवर फोन आला की तो गंभीरपणे सांगायचा, “वॉल्टरबावजी स्पीकिंग.” जेवायला तो आमच्यातच. पोळीचा घास करायला शिकला, वरणावर तूप मागून घ्यायला लागला, लोणचं मात्र शेवटपर्यंत बोटाला लावून जिभेवर टेकवायचा आणि डोळे मिटायचा. आणि त्याचा आवाज! साधं “मीठ द्या” म्हटलं तरी कपाटातल्या कपबश्या ऐकायच्या. घोगरा नाही, चढा नाही, भरलेला. बाबांसारखा खेळाचं वावडं असलेला माणूससुद्धा मॅचच्या दिवशी फ्रीजवरच्या रेडिओपाशी घुटमळायचा. कळत काही नसे, पण ऐकत राहायचे.

मला शेजारच्या खुर्चीवर बसवलं तेही वॉल्टनेच. आधी मी मॅचच्या तीन पिरियडच्या मधल्या वेळात जाहिराती वाचायचे, मग एक दिवस तो म्हणाला, “तुला खेळ कळतो. नुसती बसू नकोस, बोल.” रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या, छपराखाली प्लायवूडचा एक खोका टांगलेला होता, लोखंडी जिना चढून जायचं, ती आमची जागा. मी त्याला माळा म्हणायचे. वॉल्टने तिथे मला सगळं शिकवलं. स्कोअर सारखा सांगत राहा, कारण या क्षणी कुणीतरी नुकतंच गाडीत बसलंय. पक, म्हणजे ती रबरी चकती, कुणाकडे आहे आणि कुठल्या बाजूला चाललाय ते आधी, बाकीचं शहाणपण मागून. आणि हजार लोकांशी बोलू नकोस, एकाच माणसाशी बोल. “कुणाशी?” मी विचारलं. “ते ज्याचं त्याने ठरवायचं.” मी आईला धरलं. ती पोळ्या लाटतेय, पाठ रेडिओकडे, आणि मी तिला सांगतेय की आता हा डावीकडून आला, त्याने त्याला ढकललं, आता दोघांनी हातमोजे फेकले. घरी आले की ती म्हणायची, “काय गं ते मारामारीचं इतकं रंगवून सांगतेस? मुलीच्या जातीला शोभतं का?” आणि लगेच, “मग? त्या लांबड्याचं नाक फुटलं की नाही?”

पुढे आयुष्यभर मी हेच काम केलं. मोठमोठ्या समारंभांत ही मराठी मुलगी माळ्यावर कशी पोचली ते मी इंग्रजीत शेकडो वेळा सांगितलंय आणि दर वेळी हशा वसूल केलाय. वॉल्टरबावजी म्हटलं की लोक टाळ्या पिटतात. गोष्ट तिथवरच सांगायची आणि खाली बसायचं. आता बॉथेलला लेकीच्या घरी खिडकीत बसून पुढचं मराठीत लिहायला घेतलंय, तर सकाळपासून तिसऱ्यांदा चहा करून झालाय.

वॉल्ट आमच्याकडे आल्यापासूनच्या तिसऱ्या हंगामात, नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुमारास, त्याचा घसा बसला. सगळ्यांना सर्दी होतीच, कुणी मनावर घेतलं नाही. आईने मात्र घेतलं. तिच्या माहेरी घसा म्हणजे दैवत. मामा भजनात गायचा, त्यामुळे घशाचे उपाय तिला पाठ. स्वयंपाकघराच्या खिडकीत जपलेल्या कुंडीतली तुळस, सुंठ, मिरी, भारतातून आणलेल्या ज्येष्ठमधाच्या काड्या. सगळं उकळून थर्मासमध्ये भरून ती माझ्या हातात द्यायची, “पहिला पिरियड झाला की अर्धा कप, दुसरा झाला की उरलेला. आणि भावजी तो बर्फाचा कोक प्याले तर मला येऊन सांग.” काढ्याने आवाज मोकळा व्हायचा. खरंच व्हायचा. तासभर तरी जुना वॉल्ट बोलायचा, आणि मग तिसऱ्या पिरियडमध्ये कापडाखालून आल्यासारखा यायला लागायचा.

डिसेंबरात एका दुपारी तो जिन्यावरून धापा टाकत वर आला. चेहरा असा की मला वाटलं कुणीतरी गेलं. एका मोठ्या शहराच्या टीमकडून फोन आला होता. मोठी लीग, जिथली नावं शाळकरी पोरांना पाठ असतात. त्यांचा रेडिओवाला निवृत्त होणार होता आणि कुणीतरी वॉल्टच्या जुन्या टेपा ऐकल्या होत्या. मार्चमध्ये एक मॅच येऊन सांगा, म्हणाले, थेट रेडिओवर. जमलं तर पुढच्या हंगामापासून खुर्ची तुमची. एवढी गावं, एवढ्या बसमधल्या रात्री, आणि आता हे. वॉल्ट खुर्चीवर बसला आणि त्याने चेहरा हातांत झाकला. आई पदराला हात पुसत आली, मी तिला मराठीत सांगितलं, तर तिने पहिलं काय केलं असेल? देवापाशी साखर ठेवली. मग म्हणाली, “आता मार्चपर्यंत हा घसा माझा. त्यांना सांग, घरात एक शब्द बोलायचा नाही. जे काय बोलायचं ते रेडिओवर.”

अशा रीतीने आईने एका अमेरिकन माणसाला मौनव्रत दिलं. घरात आला की त्याचं तोंड बंद, म्हणजे आवाज बंद; ओठ चालू. माळ्यावर माइक चालू असताना आम्ही एकमेकांना खेळाडूंची नावं अशीच नुसत्या ओठांनी सांगायचो, त्यामुळे मला त्याचे ओठ वाचायची सवय होतीच. जेवणाच्या टेबलाशी मी त्याची दुभाषी झाले. “वॉल्ट म्हणतोय आमटी फार छान झालीय.” “वॉल्ट विचारतोय बाबांचा बॉस अजून तसाच आहे का.” बाबा मुद्दाम त्याला लांबलचक प्रश्न विचारायचे आणि तो ओठांनी इतकं भरभर बोलायचा की माझी तारांबळ उडायची, आणि आई दोघांना दटावायची, “पुरे! ओठ हलवले तरी घसा हलतो!” इतकं हसलो आम्ही त्या महिन्यात. आणि रिंकवर तिसरा पिरियड आता माझा झाला होता. आवाज राखायचा म्हणून वॉल्ट दोन पिरियड सांगून माइक माझ्याकडे सरकवायचा. पूर्ण वीस मिनिटांचा खेळ, माझ्या आवाजात. हे मी लिहिलं नाही तर बाकीच्या लिहिण्याला अर्थ नाही, की मला ते हवं होतं. दुसरा पिरियड संपत आला की माझे कान त्याच्या घशाकडे लागायचे. वॉल्टवर माझा जीव होता, त्याला मार्च मिळावा असं मला मनापासून वाटायचं, आणि त्याच वेळी तिसऱ्या पिरियडआधी त्याचा आवाज बसावा असंही वाटायचं. दोन्ही एकाच वेळी वाटतं माणसाला. बाबा एकदा म्हणाले होते, “अगं, कुणाला तरी दाखवा तो घसा.” आई म्हणाली, “दाखवतील की. आधी मार्च तर होऊ दे, घोडं गंगेत न्हाऊ दे, मग दाखवा कुणाला दाखवायचं ते.”

संक्रांतीला नेपरव्हिलला हळदीकुंकू असायचं. आजूबाजूच्या गावांतली सगळी मराठी मंडळी तिथे जमायची. त्या दिवशी मॅच नव्हती, म्हणून वॉल्टही आला. गुळाच्या पोळ्या तुपात बुडवून खाल्ल्या, सगळ्या बायकांनी त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला. “गोड गोड बोला” म्हणजे काय ते मी त्याला सांगितलं, तर तो ओठांनी म्हणाला, “तुझी आई बोलू देईल तर ना.” एका काकांनी फारच आग्रह केला म्हणून त्याने मौन मोडून चार वाक्यं मॅच सांगून दाखवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुमनकाकूंनी नाही वाजवल्या. त्या शिकागोच्या एका हॉस्पिटलात कान-नाक-घशाच्या डॉक्टर होत्या. थोड्या वेळाने त्या आणि आई स्वयंपाकघरात सिंकपाशी उभ्या राहून काहीतरी बोलत होत्या, सुमनकाकूंचा हात आईच्या दंडावर. मी वाट्या ठेवायला आत गेले तर दोघी गप्प झाल्या. काय बोलणं झालं ते मला पुढे मार्चमध्ये कळलं. घरी पोचल्यावर आईने काढ्यातला ज्येष्ठमध दुप्पट केला.

फेब्रुवारीच्या अखेरीस एका रविवारी दुपारची मॅच होती. रिंक बऱ्यापैकी भरलेली, लहान मुलं फार. पहिला पिरियड वॉल्टने झकास सांगितला. अर्धा कप काढा झाला. दुसऱ्या पिरियडला सात-आठ मिनिटं झाली असतील, आमचा एक जण पक घेऊन डाव्या बाजूने सुटला होता, आणि वॉल्टचा आवाज गेला. फाटला नाही, खोकला नाही, काही नाही. गेला. मला क्षणभर वाटलं माझ्या कानांवरचा हेडफोन बंद पडला, पण त्यात प्रेक्षकांचा गलका येत होता आणि स्केट्सचा खरखराट येत होता. मी त्याच्याकडे पाहिलं. तो बोलत होता. डोळे खाली बर्फावर, एक हात नेहमीसारखा हवेत, आणि ओठ भराभर चाललेले. तो मॅच सांगतच होता, नुसता आवाज नव्हता. माझ्या तोंडातून शब्द बाहेर पडायला लागले. सांगते, मी रिंककडे बघत नव्हते. मी त्याच्या ओठांकडे बघत होते आणि ते जे म्हणत होते तेच मी म्हणत होते. “डावीकडून आत, ब्ल्यू लाइन ओलांडली, एकाला चुकवलं, मारला, आणि गोल.” गोल हा शब्द मी त्याच्या ओठांवर पाहिला आणि मग खालून लोकांचा आवाज आला. वॉल्टने तेव्हा माझ्याकडे पाहिलं. मग त्याने माइक धरून माझ्याकडे वळवला, खुर्ची मागे घेतली, आणि मी बर्फाकडे तोंड केलं.

उरलेली मॅच मी सांगितली, आणि फार चांगली सांगितली. आयुष्यात पुढे इतक्या मॅचेस केल्या पण तसं पुन्हा क्वचितच जमलं. शब्द आपोआप येत होते, श्वास पुरत होता, माझ्या मागे वॉल्ट भिंतीला टेकून उभा आहे हे मी विसरले होते. खरंच विसरले होते. मॅच संपल्यावर स्टेशनचा मालक स्वतः तो लोखंडी जिना चढून आला आणि त्याने माझा हात दाबला. वॉल्टनेही पाठ थोपटली. घरी गेलो तर आईने शिरा केला होता. तिने रेडिओवर सगळं ऐकलं होतं आणि तिला वाटलं, आज वॉल्टरभावजींनी मुद्दाम, कौतुकाने, मुलीला पुढे केलं. “अर्धी मॅच! माझ्या लेकीने!” असं म्हणत तिने वॉल्टच्या ताटलीत शिऱ्याची मूद ठेवली, वर काजू. वॉल्टने तो सगळा शिरा खाल्ला. मग त्याने मला ओठांनी सांगितलं की आता आवाज येतच नाहीये, आणि ते मी आईला सांगितलं. तिच्या हातात झारा तसाच राहिला.

त्यानंतर सगळं भराभर झालं. गाठ होती, मोठी होती. स्वरयंत्रच काढावं लागलं. मोठ्या टीमची मॅच ज्या आठवड्यात होती त्याच आठवड्यात वॉल्टची शस्त्रक्रिया झाली. त्याच आठवड्यात स्टेशनच्या मालकाने मला हंगाम पुरा करायला सांगितलं. वॉल्टचं जवळचं असं कुणी नव्हतं, एक बहीण मिनेसोटाला, ती निघाली होती पण बर्फात अडकली. म्हणून घरची माणसं म्हणून सर्जनपुढे आम्हीच बसलो, आई आणि मी. ते तरुण होते, दमलेले होते. म्हणाले, जिवाला आता धोका दिसत नाही, पण जानेवारीत आले असते तर नुसत्या रेडिएशनवर भागलं असतं बहुतेक, आवाज राहिला असता. आईला एरवी डॉक्टरांचं इंग्रजी निम्मं कळायचं. हे पुरतं कळलं. बाहेर गाडीत येऊन बसलो, मी किल्ली लावली, तर ती म्हणाली, “थांब. चालू करू नकोस.” आणि मग समोर बघत, “मला सुमनने सांगितलं होतं गं. संक्रांतीला. म्हणाली होती, इतके आठवडे बसलेला आवाज चांगला नसतो, त्यांना माझ्याकडे पाठव. मी म्हटलं पाठवते.”

“मग? सांगितलं का नाहीस?”

“शुभ कामाला निघालेल्या माणसाला मागून हाक मारतात का? एवढ्या वर्षांनी त्यांचं काहीतरी चांगलं होत होतं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, त्यात आपण आणखी एक कशाला तोंडाने काढायचं? म्हटलं, मार्च होऊ दे. किती राहिला होता मार्च!”

मी ओरडले. इंग्रजीत ओरडले, कारण मराठीत आईवर ओरडायला शब्द नव्हते माझ्यापाशी. तुझे शकुन, तुझे काढे, कोणत्या काळात राहतेस तू. ती ऐकून घेत होती. आणि ओरडता ओरडता मी मध्येच थांबले, कारण माझ्या मनात आलं की संक्रांतीच्या दिवशी परतताना गाडीत तिने हे मला सांगितलं असतं तर? सगळे तिसरे पिरियड मला मिळत होते तेव्हा. मी दुसऱ्या दिवशी सकाळी वॉल्टला सांगितलं असतं, असं मला इथे लिहायला आवडेल. मला खात्री नाही. सांगायची वेळ माझ्यावर आलीच नाही, म्हणून दोषही माझा नाही, आणि तरी माझी सुटका होत नाही. किल्ली फिरवली आणि घरी आलो.

पुढच्या रविवारी आई म्हणाली, मला त्यांना सांगायचंय. बाबा म्हणाले, “आता सांगून काय होणार? त्यांना त्रास, तुला त्रास.” ती म्हणाली, “आजवर त्यांनी माझ्या हातचं खाल्लंय. मी सांगणार.” हॉस्पिटलात वॉल्ट उशांना टेकून बसला होता, गळ्याशी पट्ट्या, श्वास तिथूनच. इतका लहान दिसत होता. आईने ठरवलं होतं की ती मराठीत बोलेल आणि मी सांगेन, पण तिथे उभी राहिल्यावर तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. “वॉल्टरभावजी,” ती म्हणाली, “डॉक्टर फ्रेंड टोल्ड मी. जानेवारी. शी सेड, सेंड हिम. आय डिड नॉट टेल यू. आय थॉट, मार्च फर्स्ट. माय मिस्टेक.” एवढं इंग्रजी ती एका दमात कधी बोलली नव्हती. मग तिने हात जोडले आणि तसेच जोडून ठेवले.

वॉल्टने तिच्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळला आणि त्याचे ओठ हलले. मी वाचलं. पुन्हा सांग म्हटलं. त्याने पुन्हा सांगितलं. मी आईला सांगितलं, “तो म्हणतोय, मला माहीत होतं. ख्रिसमसपासूनच. डॉक्टर हॅन्सननी बघितलं होतं.” डॉक्टर हॅन्सन म्हणजे आमच्या टीमचे डॉक्टर, दर मॅचला बाकापाशी बसून फुटलेल्या भुवया शिवणारे, पांढऱ्या मिश्यांचे. वॉल्टचे ओठ अजून हलत होते. “ते म्हणाले होते लगेच ये. मीच म्हटलं मार्चनंतर. तुझ्या आईचा काही संबंध नाही.”

“खरं?” आईने त्यालाच विचारलं, मराठीत. त्याने मान हलवली.

बाहेरच्या लांबलचक पॅसेजमध्ये आल्यावर आई भिंतीला धरून उभी राहिली. “खोटं बोलतायत ते,” ती म्हणाली. “मला बरं वाटावं म्हणून.” मी म्हटलं, वॉल्ट खोटं बोलत नाही. आणि रेडिओवर तरी तो कधीच खोटं बोलला नव्हता. रिंक अर्धी रिकामी असली की अर्धी रिकामी आहे म्हणून सांगायचा, टीमचा मालक चिडून लाल व्हायचा तरी सांगायचा. “रेडिओवरचं मला सांगू नकोस,” आई म्हणाली. “माझी कारल्याची भाजी तीन वर्षं वंडरफुल म्हणून खाल्लीय त्या माणसाने. मला काय कळत नाही, त्यांना कारलं आवडतं की नाही ते?”

वॉल्ट मग बहिणीकडे मिनेसोटाला गेला. पुढे गळ्याला लावायचं एक यंत्र मिळालं त्याला, त्यातून भुंग्यासारखा एकसुरी आवाज यायचा. हवा चांगली असली की आमचं स्टेशन त्याच्याकडे लागायचं, आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून त्या यंत्राने तो मला म्हणायचा, “स्कोअर. तू स्कोअर सांगत नाहीस.” काही वर्षं जगला. शेवटपर्यंत चिडला नाही, रडला नाही, एका शब्दाने काही म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं. त्या खुर्चीवर मी पुढे कितीतरी हंगाम बसले. आणि मी त्या खुर्चीवर बसल्यापासून आईने रेडिओ लावला नाही. मॅच सुरू झाली की ती जाडजूड कोट घालून मागच्या अंगणातलं बर्फ ओढायला जायची, म्हातारी झाली तरी जायची, असं बाबांनी मला सांगितलं. मी बोलत मात्र तिच्याशीच होते.

डॉक्टर हॅन्सन मला दर मॅचला भेटायचे. माळ्यावर जायचा जिना त्यांच्या बाकामागूनच जायचा. “आज आवाज कसा आहे?” ते विचारायचे, मी म्हणायचे, “ठीक.” एक प्रश्न विचारायला असा किती वेळ लागतो? वॉल्टला ख्रिसमसला तुम्ही सांगितलं होतं का? हो किंवा नाही. एवढंच. वर्षानुवर्षं मी तो प्रश्न घेऊन त्यांच्या शेजारून जिना चढत राहिले. ते निवृत्त झाले, तरी गावातच होते, फोनच्या पुस्तकात नाव होतं. हो म्हणाले असते तर आई सुटली असती, मीही थोडी सुटले असते. पण नाही म्हणाले असते तर ते मला पुढे कुठे ठेवता आलं असतं, हे मला सुचत नव्हतं.

बाबा गेल्यानंतरच्या एका उन्हाळ्यात मी आईकडे राहायला गेले होते. परसात वाटाणा चांगला धरला होता, आम्ही दोघी मागच्या पायरीवर बसून शेंगा सोलत होतो. बोलणं कशाचंतरी चाललं होतं, माझ्या लेकीच्या शाळेचं असेल. मध्येच ती म्हणाली, “तू त्या टीमच्या डॉक्टरांना कधी विचारलंस का गं?” कशाबद्दल ते तिने सांगितलं नाही. मी म्हटलं, “नाही.”

“इतकी वर्षं रोज समोर होते तरी?”

“नाही विचारलं.”

तिने आणखी दोन-तीन शेंगा सोलल्या. दाणे पातेल्यात टाकले. म्हणाली, “मी केला होता फोन. एकदा सोडून तीनदा केला. ते हॅलो म्हणायचे, आणि मी ठेवून द्यायची.”

मी तिच्याकडे बघितलं. ती शेंगांकडे बघत होती. तिला का म्हणून विचारायला मला तोंड नव्हतं आणि तिनेही मला विचारलं नाही. उरलेला वाटाणा आम्ही सोलून संपवला. तो सप्टेंबर यायच्या आत डॉक्टर हॅन्सन वारले, आणि ती बातमी कळली तेव्हा फोनवर पलीकडे आई होती, अलीकडे मी होते, आता विचारायला कुणी उरलं नव्हतं, आणि दोघींनाही जे सगळ्यात आधी वाटलं ते दुःख नव्हतं.